खेकडा, भाग ३ : बॉडीवरचं मेण काढताना

मागच्या वेळी म्हटलं होतं ना, खेकडा इंजिनाच्या मॉडेलची बॉडी थ्रीडी प्रिंटला दिलीय, ती आली, तीन तुकड्यांत, दोन लांब बॉनेट (पुढची-मागची नाकं) आणि मधली कॅब, सगळं १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. नवीन मंडळींसाठी सांगतो, खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, जीआयपीनं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं) १९२८ पासून आणलेली १५०० व्होल्ट डीसीची मालगाडीची इंजिनं, एकूण ४१, त्यातली पहिली १० स्वित्झर्लंडच्या एसएलएमची आणि बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत एक उभं आहे, त्याच्याच बॉनेटवरच्या हवेच्या जाळ्यांचे फोटो काढून काढून मी ड्रॉइंग केलं होतं, त्यामुळे या जाळ्यांवर माझा फार जीव आहे.

आणि नेमक्या त्याच जाळ्या मेणानं भरून आल्या.

हे घरच्या एलसीडी प्रिंटरवरचं रेझिन नाही हे आधी लक्षात घ्या. तिथे पार्ट चिकट लागतो तो न सुकलेल्या रेझिनमुळे आणि तो आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) जातो. हे मल्टीजेट प्रिंट आहे, यात प्रिंटर अ‍ॅक्रिलिक आणि मेण दोन्ही बारीक थेंबांनी सोडतो, लटकत्या भागांना खालून आधार म्हणून मेण असतं, नंतर ते गरम करून वितळवून काढतात. पण खाचाखोचांत राहतंच, बोटाला मेणबत्ती चोळल्यासारखं लागतं.

मी सवयीनं आयपीएत धुतलं, सुकवलं आणि एका जादा बफर बीमवर (इंजिनाच्या टोकाला बफर बसतात ती आडवी पट्टी) ग्रे प्रायमर मारून बघितला. दिसायला सुरेख बसला. दुसऱ्या दिवशी मास्किंग टेप लावून ओढली तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा थर टेपबरोबर आला. आयपीए या मेणाला विरघळवत नाही, नुसतं इकडून तिकडे पसरवतं. बॉडीवर मारला नव्हता हे फार बरं झालं.

मग गरम पाणी. इथे एक नुकसान झालं, घाईत उकळीच्या जवळचं पाणी घेतलं आणि छतावरची पँटोग्राफखालची पट्टी केळीच्या सालीसारखी वाकली. कोमट पाण्यात परत मऊ करून आरशाच्या काचेवर दाबून ठेवली, सरळ झाली, पण तुम्ही ४५ अंशांच्या वर जाऊ नका, थर्मामीटर घालूनच बघा.

खरं काम केलं एन-हेप्टेननं, हे मेण विरघळवणारं सॉल्व्हंट. लॅब केमिकलवाल्याकडे मिळालं. काचेच्या बरणीत पार्ट बुडेल इतकं घेतलं, १० मिनिटं ठेवलं, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशनं जाळीच्या दिशेनंच हळूहळू घासलं (आडवं घासलं तर पट्ट्या तुटतात), मग दुसऱ्या बरणीत स्वच्छ हेप्टेनमध्ये खळबळून काढलं. हे पेट्रोलइतकंच पेटतं, म्हणून गॅलरीत बसून केलं, घरातला गॅस बंद, हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज. आणि अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये हेप्टेन कधीच टाकायचं नाही, तिथे फक्त कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, तेही शेवटच्या धुण्याला ५ मिनिटं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हेप्टेन उडायला लागलं की पार्टचा रंग बदलताना दिसतो. ओला असताना साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक असतो, मग कडेकडेनं खडूसारखा पांढरा होत जातो, रिव्हेटच्या ओळी एकदम उठून दिसायला लागतात, ज्या मला आत्तापर्यंत प्रिंटच झाल्या नाहीत असं वाटत होतं! पण पूर्ण सुकल्यावरही जिथे काचेसारखा ओला डाग राहतो तिथे मेण आहे, तेवढ्या जागेला परत बरणी. मी तिरप्या टॉर्चनं बघतो, नुसत्या डोळ्यांना जाळीच्या आतलं दिसत नाही.

कॅब आणि पहिलं बॉनेट दोन बुडवण्यांत पूर्ण पांढरं झालं. दोन दिवस पंख्याखाली ठेवून त्या बफर बीमवर परत प्रायमर मारला, टेप ओढली, टेप कोरी निघाली. दुसऱ्या बॉनेटच्या डाव्या बाजूला शेवटच्या तीन पट्ट्यांमागे अजून डाग आहे, ब्रश तिथे पोचत नाही, उद्या टूथपिकचं टोक कापसानं गुंडाळून हेप्टेनमध्ये भिजवून बघणार. ते पांढरं झालं की रविवारी तिन्ही तुकड्यांना एकदमच प्रायमर, म्हणजे शेडमध्ये फरक पडणार नाही.