४५ पाउंडांवरून २२ वर: कोपर मोडल्यानंतरचे सहा महिने

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा बघून परतताना होटगी रोडला स्कूटर घसरली आणि डाव्या कोपरात, रेडियस हाडाच्या डोक्याला चीर गेली. प्लास्टर नव्हतं, दहा दिवस हात झोळीत. पण मी तिरंदाजी करतो, आणि डावा म्हणजे माझा धनुष्य धरायचा हात. हाड जुळलं, कोपर मात्र शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ होईना. फिजिओताई म्हणाल्या, "एवढं राहील कदाचित. भाकरी थापायला काही अडणार नाही." मी भाकरी थापत नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

एप्रिलात परवानगी मिळाली. ४५ पाउंडांच्या (दोरी ताणायला लागणारं बळ पाउंडांत मोजतात) जुन्या लिंब्ज, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्या, काढून चादरीत गुंडाळून ठेवल्या आणि त्याच रायझरवर, म्हणजे मधल्या मुठीच्या भागावर, २४ पाउंडांच्या चढवल्या. टेकडाउन रिकर्व्हचा, म्हणजे सुटे भाग होणाऱ्या साध्या धनुष्याचा, हा एक फायदा. कंपाउंडवाला, म्हणजे चाकांचं धनुष्य वापरणारा, दोस्त म्हणाला, "चाकं लाव बे, पूर्ण ताणलं की सत्तर-ऐंशी टक्के भार उतरतो." खरंय. २०२३ मध्ये अदिती स्वामी बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेती झाल्यापासून तर त्याला दुसरं काही दिसतच नाही. पण नेम धरायची साइट नाही, चाकं नाहीत, नुसत्या नजरेनं अंतर ओळखून मारायचं, याच्यासाठीच तर मी यात आलो. तो प्रस्ताव तिथंच संपला.

लिंबवर लिहिलेले पाउंड २८ इंचांच्या ताणाचे असतात. माझं कोपर वाकलेलं, म्हणून ताण भरला २७. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा दोरीला अडकवून बघितलं: बरोब्बर १० किलो. म्हणजे २२ पाउंड.

सराव मामांच्या रानात, बोरामणीच्या बाजूला. सकाळी सहाला सुरू, आठच्या आत बंद. एप्रिल-मेमध्ये त्यानंतर उभं राहवत नाही, आणि धनुष्य गाडीत ठेवायची तर सोयच नाही. उन्हात तापलेल्या गाडीत लिंबचे चिकटवलेले थर सुटलेले मी एकदा बघितलेत. टार्गेट म्हणजे यंत्रमागाच्या चिंध्या ठासून भरलेलं पोतं. कमी पाउंडांना याच्यासारखं दुसरं काही नाही. बाण आत अडकतो आणि दोन बोटांनी निघतो. मागं कडब्याच्या पेंढ्यांची भिंत.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड बारा बाण, दहा मीटरवरून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर पुढच्या खेपेला निम्मे. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

मग डावीकडचं प्रकरण सुरू झालं. सगळे बाण ठिपक्याच्या एक वीत डावीकडं. विखुरलेले नाहीत, हे महत्त्वाचं. छान एकत्र, पण डावीकडं. मी अर्थातच कोपराला धरलं. ते वाकलंय, म्हणून धनुष्य फिरतंय, असं ठरवून टाकलं. पाय बदलून बघितले, खांदा खाली दाबला, कोपर बाहेर वळवलं, पकड घट्ट केली. महिनाभर हे चाललं आणि त्यातून मिळालं काय, तर दुखणारं मनगट.

मेअखेरीस वैतागून एका बाणाची तिन्ही पिसं ब्लेडनं काढली आणि तो तसाच मारला. पोत्यात शिरला तो पिसवाल्यांच्याही डावीकडं, आणि शेपूट उजवीकडं कललेली. उजव्या हातानं ओढणाऱ्यासाठी याचा अर्थ एकच: बाण ताठ आहे.

आणि असणारच होता! बाण जुनेच होते, ५०० स्पाइनचे. म्हणजे २८ इंच अंतराच्या दोन टेकूंवर ठेवलेल्या कांडीला मध्ये साधारण ८८० ग्रॅम टांगले तर ती अर्धा इंच लवते. ४५ पाउंडांना ते ठीक. सुटताना बाण रायझरला वळसा घालण्यापुरता लवतो आणि मग सरळ होतो. २२ पाउंडांच्या धक्क्यानं ५००चा बाण कुठला लवतोय? तो सरळ डावीकडं ढकलला जातो. हे मला पाठ होतं. नव्या पोरांना मीच समजावतो. पण अंगातच एक मोडकी वस्तू असली की दुसरीकडं बघायचं सुचत नाही.

१००० स्पाइनच्या (आकडा मोठा तेवढी कांडी जास्त लवते) सहा कांड्या मागवल्या, न कापता तशाच ठेवल्या, पुढं १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची, टोकं. पहिलाच बाण मध्यावर. दुसरा त्याच्याशेजारी. मी खाली बसलो.

कोपर अजून वाकलेलंच आहे. खरं तर थोडं वाकलेलं बरंच. दोरी हाताला घासत नाही, हाताला बांधायचं आर्मगार्ड महिनाभर पिशवीतच आहे.

मामांचा मात्र हिरमोड झालाय. त्यांच्या शेंगांच्या रानात डुकरं येतात. "काय रं भाच्या, एवढं मारतोस, एखादं डुक्कर तरी लोळव की." मामा, १९७२चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही, असं म्हटलं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी २२ पाउंडांनी जनावर मरत नाही, नुसतं हाल होऊन पळतं. अमेरिकेत धनुष्यानं शिकार चालते, पण तिथंही कित्येक राज्यांत हरणासाठी ३५-४० पाउंडांची अट आहे. "मग हे शिकून उपयोग काय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांच्याच हातात धनुष्य दिलं. तिसरा बाण पोत्यात गेला तेव्हापासून ते रविवारी माझ्याआधी येऊन थांबतात.

जुलैअखेरची स्थिती: तीस बाण, पंधरा मीटर. वितीच्या आत एकवीस. २८ पाउंडांच्या लिंब्ज घेऊन ठेवल्यात, पण तीन आठवडे सलग न दुखता गेल्याशिवाय चढवणार नाही. परवा एक बाण पोत्यावरून कडब्यात गेला तो अजून सापडलेला नाही. म्हशीला घालायच्या आधी प्रत्येक पेंढी झाडून बघा, असं मामांना सांगून ठेवलंय.