खूण नसलेला फाउल

लांब उडीच्या फळीपाशी बसणाऱ्या पंचाला उडी दिसत नाही, हे बाहेरच्यांना सांगितले तर खरे वाटत नाही. मान फळीच्या पुढच्या कडेच्या रेषेत आणून ओणवे व्हायचे, 20 सेंटिमीटर रुंदीच्या त्या पांढऱ्या पट्टीवर नजर रोवायची आणि सेकंदाच्या साधारण आठव्या भागापुरता टेकणारा पाय तेवढा पाहायचा. खेळाडू हवेत कशी गेली आणि कुठे उतरली, हे आम्हांला प्रेक्षकांच्या आवाजावरूनच समजते. त्या दिवशी तो आवाज फार मोठा झाला आणि तोवर माझ्या हातातले, उडी बाद ठरवणारे लाल निशाण वर गेले होते.

ती खेळाडू अनेक वर्षे विजेती होती आणि हा तिचा शेवटचा हंगाम असल्याचे तिनेच जाहीर केले होते. पहिली उडी वैध होती पण तोकडी, दुसरी सरळसरळ फाउल. तीन फेऱ्यांनंतर पहिल्या आठ जणींनाच आणखी तीन संधी मिळतात आणि ती आठव्या जागेपासून 4 सेंटिमीटरने मागे होती. तिसऱ्या उडीनंतर ती खड्ड्यातून उठून थेट माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, “सर, खूण दाखवा.”

खूण नव्हती. फळीलगतची प्लॅस्टिसिनची, म्हणजे बूट पुढे टेकला तर ठसा उमटावा म्हणून लावलेल्या मऊ मातीसारख्या पदार्थाची पट्टी जशी लावली होती तशीच गुळगुळीत होती.

इथे थोडे नियमाविषयी सांगणे भाग आहे, कारण ते ठाऊक नसताना माझ्यावर बोलणारे त्या संध्याकाळी पुष्कळ भेटले. पूर्वी प्लॅस्टिसिनचा उतार 45 अंशांचा असे आणि बुटाचे टोक रेषेपुढे नुसते अधांतरी राहिले, पुढे कुठे टेकले नाही, तर उडी वैध ठरे. नोव्हेंबर 2021 पासून ही कड 90 अंशांत उभी झाली आणि पाय फळीवरून सुटण्याआधी बुटाचा कोणताही भाग रेषेवरच्या उभ्या प्रतलापलीकडे गेला की फाउल, असे ठरले. प्लॅस्टिसिन फळीपेक्षा अवघे 7 मिलिमीटर उंच असते. ज्या बुटाचे टोक त्याहून वर वळलेले असते, ते रेषा ओलांडूनही पट्टीला स्पर्श न करता निघून जाऊ शकते, आणि मी नेमके तेच पाहिले होते. मोठ्या स्पर्धांत अशा वेळी चित्रीकरण पाहता येते. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, माझे डोळे होते. तिची सारी कारकीर्द जुन्या नियमात घडली होती. वीस-एक पावलांच्या धावेत मुरलेला अंदाज नियमपुस्तकाच्या नव्या आवृत्तीने बदलत नाही, हे मलाही समजते.

तिने लगेच तोंडी हरकत घेतली. अशा वेळी मुख्य पंच उडी मोजून नोंदवून ठेवायला सांगू शकतात, म्हणजे निर्णय फिरलाच तर अंतर हाताशी राहते. ते तसे सांगणारही होते. परंतु खड्ड्याजवळच्या उत्साही मंडळींनी लाल निशाण दिसताच दाताळे फिरवून वाळू सारखी केली होती. वेळापत्रक सांभाळण्याची घाई आपल्याकडे कौशल्य म्हणून मिरवली जाते. त्यातून असे घोळ होतात.

1982 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला लांब उडीपटू कार्ल लुईसच्या एका उडीचे असेच झाले होते. लाल निशाण मिळाले, प्लॅस्टिसिनवर खूण नसल्याचे तो सांगत राहिला आणि मोजण्यापूर्वीच वाळूतली खूण पुसली गेली. ती उडी 30 फुटांपलीकडची, म्हणजे बॉब बीमनच्या 1968 च्या 8.90 मीटर विक्रमाहूनही लांब होती, असे मानणारे आजही आहेत. 1991 मध्ये टोकियोत माइक पॉवेलने 8.95 मीटरचा विक्रम केला, तरी त्या न मोजलेल्या उडीची चर्चा थांबलेली नाही. ही हकिगत मी नव्या पंचांना नेहमी सांगत आलो, आणि माझ्याच मैदानावर तीच चूक झाली.

हरकत फेटाळली गेली. निकालपत्रकात तिच्या नावापुढे एक आकडा आणि दोन फुल्या राहिल्या. स्पर्धा आटोपल्यावर ती पुन्हा आली, उजव्या पायातला बूट काढून तिने तो फळीवर ठेवला आणि खाली वाकून बाजूने पाहिले. टोक पट्टीच्या वर स्पष्ट अधांतरी राहत होते. “म्हणजे तुम्ही म्हणता तसे होऊ शकते,” एवढेच ती म्हणाली. झाले होते, असे ती म्हणाली नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. निशाण योग्य होते असे मला आजही वाटते. मात्र त्या क्षणाचे चित्र मी इतक्यांदा मनात चालवून पाहिले आहे की आता त्यात पाहिलेले किती आणि मनाने घडवलेले किती, हे सांगणे अवघड झाले आहे.

निघताना वाळूपाशी टेप धरणाऱ्या सहकाऱ्याने, तिची टाच कुठे रुतली होती ते आपल्याला पक्के आठवते असे सांगून, मला एक आकडा ऐकवला. मी तो नोंदवहीत लिहिला नाही, तिला कळवला नाही, आणि इथेही लिहीत नाही.