तुम्ही विचारलंत म्हणून: इराकला जाणं सेफ आहे का?

कामानिमित्त माझं इराकला जाणं-येणं असतं हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सेफ आहे का हो तिकडे?" आणि दुसरा लगेच, "व्हिसा देतात का?" मेसेजमध्ये तेच, लग्नात भेटलेल्या माणसाचं तेच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

सेफ आहे का, याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. व्हिडिओवाली पोरं बगदादमध्ये फुकट चहा पीत "लोक किती प्रेमळ" म्हणतात ते खरंय, अगदी खरंय, अनोळखी माणूस तुमचं बिल भरून निघून जातो आणि तुम्ही बघत बसता. आणि अमेरिकन सरकार आपल्या नागरिकांसाठी प्रवासाच्या धोक्याची जी यादी काढतं, त्यात इराक वर्षानुवर्षं लेव्हल 4 ला, म्हणजे जाऊच नका या खान्यात आहे, तेही खरंय.

त्या याद्यांचं सांगते आधी, कारण बहुतेक लोक नुसता लाल रंग बघतात आणि एकतर घाबरतात नाहीतर हसण्यावारी नेतात. आतला मजकूर वाचा हो. अमेरिकेचे चार लेव्हल आहेत आणि शेजारी अक्षरं असतात, टी म्हणजे दहशतवाद, यू म्हणजे दंगेधोपे, के म्हणजे अपहरण, हे के 2019 पासून आलं. म्हणजे धोका कसला आहे ते लिहिलेलं असतं, आणि चोरीमारीचा लाल वेगळा नि अपहरणाचा लाल वेगळा. पण मी सगळ्यात आधी शोधते ते वाक्य म्हणजे, त्यांच्या स्वतःच्या दूतावासातल्या लोकांना कुठे जायला बंदी आहे. कारण जिथे त्यांचा माणूस जाऊ शकत नाही तिथे तुम्हाला सोडवायला कोणीही येणार नाही. बसरामधली अमेरिकन वकिलात 2018 मध्ये बंद केली, म्हणजे त्या भागात तुमचं काही झालं तर विचारायला माणूस बगदादमध्ये. आपल्याकरता भारतीय दूतावास बगदादला आणि कॉन्सुलेट एरबिलला, बाकी ठिकाणी तुम्ही आणि तुमचा फोन. जायच्या आधी दूतावासाला ईमेल करून नाव, पासपोर्ट नंबर, कुठे राहणार, कधी परत येणार हे कळवून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हाय-रिस्क देश म्हणजे रोज बॉम्ब फुटणारा देश नव्हे. हाय-रिस्क म्हणजे बारीकसारीक चूक निस्तरायला मध्ये कोणी नसतं. दुसऱ्या देशात चुकीच्या व्हिसावर गेलात तर दंड, फार तर परतीचं विमान. इथे तीच चूक घेऊन तुम्ही एखाद्या हायवेवर, उन्हात, हातात बंदूक असलेल्या वीस वर्षांच्या पोरासमोर उभे असता, आणि त्या पोरालाही काय करायचं ते माहीत नसतं. बॉम्बची भीती सगळेच बाळगतात, कागदाची कोणी बाळगत नाही.

तर कागद. इराकमध्ये व्हिसाच्या बाबतीत दोन इराक आहेत हे डोक्यात पक्कं करा. एक बगदादचं केंद्र सरकार आणि दुसरं उत्तरेतलं कुर्दिस्तान, म्हणजे एरबिल, सुलेमानिया, दुहोक. कुर्दिस्तानचा ई-व्हिसा वेगळा, आणि तो कुर्दिस्तानपुरताच चालतो. आता होतं काय, हा व्हिसा सोपा म्हणून माणूस एरबिलला उतरतो, नकाशात बघतो तर मोसुल फक्त ऐंशी-एक किलोमीटर, तिथला अल-हदबा मिनार 2017 मध्ये आयसिसने उडवला होता तो परत उभा केलाय, म्हणतो चला एक चक्कर मारून येऊ, आणि केंद्राच्या चेकपोस्टवर घोडं अडतं. परत पाठवलं तर नशीब समजा. किरकूकचंही तेच, 2017 च्या ऑक्टोबरपासून ते केंद्राच्या ताब्यात आहे, जुनी गाइडबुकं बघून जाऊ नका. केंद्राच्या इराकसाठी पूर्वी काही निवडक देशांच्या लोकांना विमानतळावर व्हिसा मिळायचा, त्यात आपण नव्हतोच, आणि 2025 च्या मार्चपासून सगळ्यांसाठीच आधी ऑनलाइन ई-व्हिसा काढून यायचं असं झालंय. फी आणि अटी बदलत राहतात, तेव्हा माझ्यासकट कोणाच्याही लिहिण्यावर न जाता तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवर बघा आणि विमान कंपनीलाही विचारा, कारण चेक-इन काउंटरवरची व्यक्तीच तुम्हाला अडवते, इराकला ते कळतही नाही. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत, आणि इस्रायलचा शिक्का असेल तर विषय संपला. 2022 मध्ये इस्रायलशी संबंध ठेवण्याविरुद्ध तिथे कायदा झाला, त्यात फाशीपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा या विषयावर टॅक्सीत गप्पा नकोत.

चेकपोस्ट कसं असतं ते सांगते. बगदादहून मोसुल चारशे किलोमीटर, शेअर टॅक्सीत चार पॅसेंजर, रस्त्यात चेकपोस्ट किती लागतील याचा नेम नाही, आणि प्रत्येकावर सैन्यच असेल असंही नाही, कुठे पोलीस, कुठे वेगवेगळ्या गटांचे लोक, झेंड्यांवरून कळतं पण ते ओळखायला सराव लागतो. ड्रायव्हर काच खाली करतो, सलाम करतो, शिपाई आत डोकावतो आणि सगळ्यांवरून नजर फिरून तुमच्यावर थांबते. पासपोर्ट जातो. तो पानं उलटी चाळतो, कारण त्याला उजवीकडून चाळायची सवय, व्हिसाची प्रिंट मागतो, फोनने फोटो काढतो, कोणालातरी व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि गाडी बाजूला घ्यायला सांगतो. मग वाट बघायची. बाकीचे तीन पॅसेंजर तुमच्यामुळे खोळंबलेत, त्यातला एक उतरून सिगरेट पेटवतो, कोणी तुम्हाला पाण्याची बाटली देतो, आणि कोणीही चिडत नाही, हे मला दर वेळी नवलाचं वाटतं. उत्तर आलं की पासपोर्ट परत, "अहलन" म्हणजे या-या म्हणतो आणि हात हलवतो. यात तुमचं काम एवढंच की पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स गठ्ठ्याने बाळगायच्या, हॉटेलचं नाव-नंबर अरबीत लिहिलेला कागद ठेवायचा, फोन खिशात, फोटो अजिबात नाही, आणि हसू नका, रडू नका, घाई करू नका. रात्रीचा प्रवास नको. बॉम्बपेक्षा मला त्या हायवेवरची ड्रायव्हिंग जास्त भीतीदायक वाटते, मागच्या सीटला बेल्ट असला तर लावा, ड्रायव्हरला राग आला तरी.

कागदासारखाच दुसरा न दिसणारा धोका म्हणजे तिथले कायदे. 2022 ची गोष्ट, एक निवृत्त ब्रिटिश भूवैज्ञानिक टूरबरोबर एरिदूला गेले, दक्षिणेतलं फार म्हणजे फारच जुनं शहर, तिथे जमिनीवर खापराचे तुकडे पडलेले, त्यांनी काही उचलून बॅगेत टाकले. विमानतळावर सापडले. जून महिन्यात कोर्टाने पंधरा वर्षं ठोठावली. पुढच्या महिन्यात ती शिक्षा रद्द झाली आणि माणूस सुटला, पण तोवर कोठडीत बसूनच. ना बॉम्ब, ना बंदूक, चार खापरं. उर, बॅबिलोन, हत्रा, कुठेही गेलात तरी जमिनीवरचं जमिनीवर राहू द्या, आणि बाजारात कोणी "अँटिक" म्हणून विकत असेल तर चार हात लांब. ड्रोन घेऊन जाऊ नका. दारू बॅगेत नको, केंद्राच्या इराकमध्ये आयात-विक्रीवर बंदी आहे. झोपेच्या किंवा जोरदार पेनकिलरच्या गोळ्या असतील तर मूळ पाकीट आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर हवीच.

अपहरणाचं काय, हे विचारताना लोकांचा आवाज खाली जातो. होतं. 2023 च्या मार्चमध्ये बगदादमध्ये एका परदेशी संशोधक बाईला पळवलं, ती 2025 च्या सप्टेंबरमध्ये सुटली. पर्यटकाच्या वाट्याला हे येण्याची शक्यता कमी, पण राजकारण, मिलिशिया म्हणजे खासगी सशस्त्र गट, तेल यावर प्रश्न विचारत फिरणाऱ्याच्या वाट्याला कमी नाही. आणि नोकरीसाठी विचारणाऱ्यांना तर मी थेट सांगते. 2014 मध्ये मोसुलमध्ये आपले मजूर आयसिसच्या हाती सापडले, बहुतेक पंजाबचे, एकजण निसटला, बाकी 39 जण मारले गेले आणि घरच्यांना ते कळायला 2018 उजाडलं. चार वर्षं जीव टांगणीला. एजंट म्हणाला व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो, की तिथेच नमस्कार करून उठा. ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते अशा पासपोर्टवर, इराकला नोकरीसाठी जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो, तो नको म्हणूनच एजंट ही पळवाट सांगतो, आणि मग तुम्ही तिथे आहात याची सरकारदरबारी नोंदच नसते.

इन्शुरन्स घेतलाय म्हणून निर्धास्त असाल तर पॉलिसीतला अपवादांचा भाग वाचा. युद्ध, दहशतवाद, सरकारने जाऊ नका म्हटलेले देश, या तिन्हींपैकी एक तरी शब्द तिथे सापडतोच आणि मग ती पॉलिसी रद्दीच्या भावाची. अशा देशांसाठी वेगळी पॉलिसी मिळते, महाग असते, त्यात आजारी माणसाला देशाबाहेर हलवण्याचा खर्च धरलाय का तेवढं बघा.

पैसे डॉलरमध्ये, रोख, आणि नोटा कोऱ्या करकरीत. पैसे बदलून देणारा नोट उजेडात धरतो, कडा चाचपतो, पेनाची रेघ किंवा घडीवर चीर दिसली की मान हलवतो नाहीतर भाव पाडतो. सरकारी दर 2023 पासून डॉलरला 1300 दिनार आहे, बाजारात त्याहून जास्त मिळतात. कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. इंटरनेटच्याही नको, कारण उन्हाळ्यात बोर्डाच्या परीक्षा असल्या की पेपर फुटू नये म्हणून सरकार सकाळी काही तास इंटरनेट बंद करतं! सहाला उठून अॅपवर टॅक्सी बोलवायला गेलात तर चाक फिरत बसतं. म्हणून नकाशा ऑफलाइन, नंबर कागदावर.

बाई म्हणून कसं वाटतं हे बायका विचारतात. रस्त्यावर टक लावून बघतात, पण झडतीला बायकांची वेगळी खोली असते आणि आतल्या बाया एकदा गप्पा सुरू झाल्या की सोडत नाहीत, लग्न झालंय का, मुलं किती, नवरा कुठेय. नजफ आणि करबलाला दर्ग्यात अबाया, म्हणजे अंगभर झगा, लागतोच, धर्म कुठलाही असो. रात्री एकटीने फिरू नये, टॅक्सी अॅपवरूनच घ्यावी, एवढं मी पाळते. एकटीने पहिल्यांदाच देशाबाहेर पडणारीने इराकपासून सुरुवात करू नये, असं मला विचाराल तर वाटतं, यावर माझ्याशी भांडणाऱ्या मैत्रिणी आहेत.

आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधीच ठरवा, हे लोक हमखास विसरतात. 2017 च्या सप्टेंबरमध्ये कुर्दिस्तानने स्वातंत्र्यासाठी मतदान घेतलं, तर बगदादने एरबिल आणि सुलेमानियाची आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली ती पुढच्या मार्चपर्यंत. 2025 च्या जूनमध्ये इस्रायल-इराण भडकलं तेव्हा इराकचं आकाशच बंद झालं. अशा वेळी रस्त्याने निघायचं, उत्तरेला इब्राहिम खलील नाक्यावरून तुर्कस्तान, पश्चिमेला त्रेबिलवरून जॉर्डन, पण शेजारच्या देशात तुम्हाला घेतील का, व्हिसा लागेल का, हे नाक्यावर पोचल्यावर शोधायचं नसतं. हे चित्र उलटसुलट व्हायला एक रात्र पुरते, म्हणून निघायच्या आठवड्यात रोज बातम्या बघा आणि तिकीट बदलता येईल असंच घ्या, महाग पडलं तरी.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये बसराला पारा पन्नासपर्यंत जातो. अरबाईनच्या, म्हणजे शिया लोकांच्या मोठ्या यात्रेच्या, दिवसांत नजफ ते करबला लाखोंनी लोक चालत असतात, तो अनुभव वेगळाच पण त्या काळात खोली, गाडी, विमान यातलं काही मागू नका. आणि गुरुवारी रात्री पोचाल असं तिकीट काढू नका, शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, व्हिसाचं काही अडलं तर रविवारपर्यंत फोन उचलायला कोणी नाही.