तमिळ ‘श्री’: दिसायला एक, संकेत दोन

तमिळ नावांच्या यादीत ‘श्रीनिवासन’ शोधलं आणि डोळ्यांना दिसणाऱ्या नोंदींपैकी अर्ध्याच हाती लागल्या, तर पहिला संशय ‘श्री’वर घ्यावा. तमिळमध्ये ‘श्री’ची एकच जोडाकृती आहे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या जागतिक संगणकी मानकात, ती दोन तऱ्हांनी साठवलेली सापडते. (संकेतांक, म्हणजे अक्षरांचे हे आकडे, इथे दशमान पद्धतीत दिले आहेत, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘ऑर्ड’ हे फंक्शन तेच आकडे देतं.)

जुनी तऱ्हा: ३०००, ३०२१, २९९२, ३००८. म्हणजे स, पुळ्ळी (आपला हलन्त), र आणि दीर्घ ईची खूण. नव्या तऱ्हेत फक्त पहिला आकडा बदलतो: २९९८, म्हणजे श.

हे झालं कसं? भारतीय लिप्यांचे युनिकोडमधले तक्ते इस्की या जुन्या भारतीय संकेतपद्धतीच्या मांडणीवर बेतलेले आहेत. देवनागरी अक्षराच्या संकेतांकात ६४० मिळवले की तमिळमधलं जोडीदार अक्षर येतं. आपला श २३५८, म्हणून तमिळ श ची जागा २९९८. पण ती जागा २००५ पर्यंत रिकामीच होती. ज, ष, स, ह ही ग्रंथ लिपीतून (तमिळ प्रदेशात संस्कृतसाठी वापरली जाणारी लिपी) आलेली अक्षरं तक्त्यात होती, श नव्हता. त्यामुळे ‘श्री’ स वर भागवावी लागली. युनिकोड ४.१ मध्ये श आला आणि शिफारस बदलली, पण तोवरचा मजकूर होता तसाच राहिला. दोन्ही क्रम समान मानावेत असं युनिकोड सांगतं खरं, पण एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं असेल तर ते एका रूपात आणणारी युनिकोडची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. ‘नॉर्मलाइज केलंय, आता काळजी नको’ म्हणणारे इथेच फसतात.

क्रमवारीत गंमत दिसते. नुसत्या संकेतांकांनी यादी लावली तर षण्मुगम (पहिलं अक्षर २९९९) दोन श्रीनिवासनांच्या मधोमध बसतो. आणि ६४० वजा करून तमिळ यादी देवनागरीत आणण्याचा झटपट मार्ग धरला, तर जुन्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘श्रीरंगम’ची सुरुवात ‘स्री’ अशी उमटते. मराठी यादीत असं ‘स्री’ दिसलं तर ते टायपिंगच्या चुकीवर ढकलण्याआधी मूळ तमिळ संकेत तपासावेत.

उपाय सोपा आहे: शोधासाठी वेगळा रकाना ठेवून त्यात जुना क्रम नव्यात बदलायचा आणि शोधशब्दावरही तीच प्रक्रिया करायची. फक्त साठ्यावर केली तर जुन्या पद्धतीने टाइप केलेला शोध आता काहीच देणार नाही. बदल मात्र चारही संकेत सलग असतील तेव्हाच करावा. नुसते ३००० सगळीकडे २९९८ केले की ‘सरस्वती’तल्या स चाही श होईल. पुळ्ळीनंतर ८२०४ हा अदृश्य संकेत असेल तर लिहिणाऱ्याने जोडाकृती मुद्दाम तोडली आहे. तिथे हात लावू नये. मूळ नोंद, पासवर्ड आणि डिजिटल सही केलेला मजकूरही जसाच्या तसा ठेवावा, कारण एक बाइट हलला तरी सही जुळत नाही. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे आकडे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) दोन्ही तऱ्हा १२ बाइटच्या, फरक फक्त तिसऱ्या बाइटचा. लांबी मोजून काही कळत नाही.

टिस्की या युनिकोडपूर्वीच्या तमिळ संकेतपद्धतीतून आणलेल्या जुन्या फायली वेगळ्या तपासाव्यात. तिथे अख्ख्या ‘श्री’ला १३० हा एकच संकेत होता. परिवर्तकाचा तक्ता २००५ पूर्वीचा असेल तर त्यातून स वाली ‘श्री’ बाहेर पडते.

फॉन्ट बनवणाऱ्यांनी दोन्ही क्रमांना एकाच आकृतीकडे नेणारे दोन नियम घालावेत. श आहे पण त्याचा जोडनियम नाही अशा फॉन्टमध्ये नवी ‘श्री’ सुटी-सुटी दिसते, आणि श च नसेल तर सुरुवातीलाच रिकामा चौकोन येतो.