अण्णांच्या घराचा हिशेब

मिरज, शनिवार रात्र

आज मिस्त्रींनी माजघरावरच्या वाशात पेचकस खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही. काढून घेतला तसा भोकातून तांबूस भुसा सांडला, थेट शहाबादी फरशीवर, जिथे आमचे वडील, अण्णा, सकाळी पेपर पसरून बसायचे. "ताई, खांब सागवानी हाईत, त्यांना काय हुईत न्हाई. पर वासे आंब्याचे. पोखरल्यात सगळे." मी वर बघत राहिले. याच छताखाली आम्ही तिघं भावंडं वाढलो. ते इतकी वर्षं आतून पोकळ होत होतं आणि खाली कुणाला पत्ता नव्हता.

अंदाजपत्रक संध्याकाळी हातात आलं. छप्पर, दोन न्हाणीघरं-संडास, सगळी वायरिंग नवी, ड्रेनेज, गिलावा, पुढच्या सोप्याची फरशी आणि रंग मिळून 7,40,000 रुपये. घर भाड्याने द्यायचं हे तिघांचं ठरलं आहे. विकायचं नाही, आणि कुलूप लावून तर अजिबात ठेवायचं नाही. दोन वर्षं बंद राहिलं तर काय होतं ते आज बघितलं.

ब्राह्मणपुरीतून दवाखान्यात जाणारी माणसं या गावात कधीच कमी पडली नाहीत. मेडिकल कॉलेज, नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर. पुढचा भाग 7,500 आणि मागचा 6,000 असं भाडं येईल, असं दोन-तीन ठिकाणी विचारून पक्कं केलं आहे. म्हणजे महिन्याला 13,500.

आता गणित. पूर्ण 7,40,000 कर्ज काढलं, 10 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, तर हप्ता जवळपास पावणेसोळा हजार होतो. भाडं साडेतेरा. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून पदरचे घालायचे. वहीत हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही मिटली.

सोमवार

आज एजंट येऊन गेला. चांगला माणूस आहे, मदत करायच्या भावनेनेच बोलत होता. म्हणाला, कर्ज कशाला काढता, हेवी डिपॉझिट घ्या. चार-पाच लाख डिपॉझिट, भाडं नाममात्र, आलेल्या पैशातून काम करून घ्या. बँकेची पायरी चढायला नको, व्याज नाही, हप्ता नाही.

ऐकायला इतकं सोपं वाटलं की मी रात्रीपर्यंत त्याच विचारात होते. मग लक्षात आलं की हेही कर्जच आहे, फक्त कर्जासारखं दिसत नाही. हप्ते नाहीत म्हणजे ते थोडं थोडं फिटतही नाही. अकरा महिन्यांनी भाडेकरू म्हणाला, निघतो, तर पाच लाख एकरकमी हातावर ठेवायचे. पैसे तर वाशांत आणि कौलांत गेलेले. तेव्हा दुसरा भाडेकरू शोधून त्याचं डिपॉझिट पहिल्याला द्यायचं, आणि मधे कुणी मिळालं नाही तर? शिवाय भाडं नाममात्र, म्हणजे तेवढा काळ घर काही कमावणारच नाही. दादाला फोन करून सांगितलं, हे नको. डिपॉझिट घेऊ ते दोन महिन्यांच्या भाड्याएवढं, आणि ते बँकेत तसंच ठेवू.

बुधवार

मधे बरेच आठवडे गेले. बँकांचं लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

पहिल्या बँकेने फाईल उघडताच विचारलं, मंजूर नकाशा कुठे आहे? गावठाणातलं आजोबांच्या काळातलं घर, त्याचा नकाशा कुठून आणणार? दुसरी अडचण आमचीच. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे घर कुणाचं ते दाखवणाऱ्या सरकारी उताऱ्यावर, अजून अण्णांचं नाव होतं. अण्णांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आई आधीच गेलेली, म्हणजे तिघांचा समान हिस्सा. पण कागदावर आमचं कुणाचंच नाव नाही. वारस नोंद दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती. तेव्हा त्या ऑफिसला जायला पाय निघत नव्हता, कारण ते नाव खोडलं जाणार होतं. ते नाव होतं तसं ठेवून मी कसली राखण करत होते, आज सांगता येत नाही.

नोंद करून घेतली. नंतर इथल्या एका सहकारी बँकेने जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सर्च रिपोर्ट (घरावर दुसऱ्या कुणाचा हक्क-बोजा नाही हे तपासलेला अहवाल) आणि इंजिनियरचं मूल्यांकन यावर फाईल घेतली. अट एकच, तिघेही कर्जदार म्हणून सही करणार. धाकटीला बेळगावहून यावं लागलं, दादाला बंगळूरहून. पर्सनल लोन दोन दिवसांत मिळत होतं, पण व्याज 13 टक्के. त्यासाठी दोन सह्यांचा प्रवास वाचवायचा नव्हता.

रविवार

आज तिघं सोप्यात बसलो. काम दोन भागांत करायचं ठरलं. आधी ज्याच्याशिवाय माणूस राहूच शकत नाही ते. छप्पर, न्हाणीघरं, वायरिंग, ड्रेनेज, ओल आलेल्या भिंतींचा गिलावा, एकूण 5,80,000. सोप्याची फरशी आणि रंग, 1,60,000, नंतर कधीतरी. कर्ज 4,00,000, हप्ता साडेआठ हजार. उरलेल्या 1,80,000 पैकी दादा 1,20,000 घालणार, मी 60,000. धाकटीच्या मुलाच्या फिया चालू आहेत, तिला आत्ता जमणार नाही.

मी म्हटलं, हे कागदावर लिहू. कुणी किती घातले, आणि भाड्यातून आधी ते परत जातील, मगच वाटणी.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "अगं, आपल्या आपल्यात स्टँप पेपर?" त्याला लागलं, ते दिसत होतं. मी मागचं न्हाणीघर दाखवलं. ते अण्णांनी स्वतःच्या पैशांनी बांधलं, काका तेव्हा म्हणाले होते पुढे बघू. पुढे कुणी म्हणालं दिलेच होते, कुणी म्हणालं मागितलेच नव्हते. काका शेवटची अकरा वर्षं या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, असं मला आजही वाटतं. फक्त लिहिलेलं काही नव्हतं. धाकटी म्हणाली, "मला लिहिलेलंच हवंय. नाहीतर मी पैसे घातले नाहीत हे मला दर दिवाळीला आठवेल." तिने असं म्हटल्यावर दादाने पेन उचललं.

हिशेब असा. वर्षात एक महिना घर रिकामं धरलं तर 1,48,500 भाडं, महिन्याला सरासरी 12,375. घरपट्टी, पाणीपट्टी, किरकोळ दुरुस्ती असे हजारभर गेले, हप्ता गेला, की 2,900 च्या आत उरतात. त्यातून दादाचे आणि माझे परत जायला पाच वर्षं आणि वर एखादा महिना लागेल. तोवर तिघांपैकी कुणालाही या घराचा एक रुपया दिसणार नाही. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही, पण कुणी नाही म्हणालंही नाही.

करसल्लागाराने दोन गोष्टी सांगितल्या. घरपट्टी वजा केल्यावर भाड्यातून दुरुस्तीपोटी 30 टक्के सरसकट वजा होतात, वेगळी बिलं दाखवून जास्त मिळत नाही. कर्जाचं व्याज मात्र वर आणखी वजा होतं, पहिल्या वर्षी सुमारे 37 हजार. बाकी तिघांत वाटून ज्याच्या त्याच्या उत्पन्नात, प्रत्येकी साधारण 20 हजार. बिलं तरी फाईलला ठेवा म्हणाले, कधी विकायची वेळ आली तर मोठ्या सुधारणांची लागतात. ठेवते, वेळ येऊ नये.

करारही लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदवलेलाच करायचा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे, कितीही ओळखीचा भाडेकरू असला तरी. पोलीस ठाण्यात माहितीही द्यायची.

मंगळवार

कर्जाचा पहिला टप्पा खात्यात आला. वासे सांगलीच्या वखारीतून सांगितले आहेत. वाशांना साग या वेळीही नाही परवडत, पण वाळवीचं औषध मारून घेणार आणि मी समोर उभी राहणार.

एक वाद जिंकले. गवंडी सगळीकडे सिमेंटचा गिलावा म्हणत होता. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते, फुगून पापुद्रे पडतात. मागच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ते डोळ्यांनी दिसतं आहे. आतल्या भिंतींना चुन्याचाच होणार, चार हजार जास्त लागले तरी.

उद्या सकाळी सातला माणसं येतील, माजघरावरची कौलं उतरवायला. चांगली निघतील ती परसात रचून ठेवायला सांगितलं आहे. आईचा देव्हारा आज धाकटीने जुन्या नऊवारीत गुंडाळून कोपऱ्यातल्या खोलीत हलवला. ताडपत्री आणली आहे, दोऱ्या आणायच्या राहिल्यात.