नहेम्यानंतर एस्तेर

वसईतल्या एका छोट्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते. लग्नाच्या मिस्सा-पुस्तिका, म्हणजे चर्चमधल्या लग्नविधीतली वाचनं आणि प्रार्थना छापलेल्या पुस्तिका, हे आमचं हंगामाचं काम. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत 300 प्रती द्यायच्या होत्या. नवरा इथला कॅथलिक, नवरी नगरची प्रॉटेस्टंट. शेवटचं प्रूफ बघायला नवरीचे आजोबा आले, निवृत्त पाळक.

पहिल्या वाचनाशी त्यांचं बोट थांबलं. बायबलातलं तोबीतचं पुस्तक, अध्याय 8.

"बाई, हे कुठून घेतलंत?" पिशवीतून आपलं बायबल काढून त्यांनी नहेम्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं. पुढे थेट एस्तेरचं पुस्तक. "मधे काही नाही. शास्त्रात नाही ते माझ्या नातीच्या लग्नात देवाचं वचन म्हणून कसं वाचायचं?"

मी कपाटातलं आमचं कॅथलिक बायबल त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात नहेम्यानंतर तोबीत येतं. त्यात 73 पुस्तकं, त्यांच्यात 66. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1546 मध्ये ही जास्तीची पुस्तकं प्रमाण मानली, हे त्यांना ठाऊकच होतं. "ल्यूथरने काढली," ते म्हणाले. प्रॉटेस्टंट पंथाचा तो आद्य सुधारक.

"काढली नाहीत, आजोबा. 1534 च्या त्याच्या जर्मन बायबलात ती जुना आणि नवा अशा दोन करारांच्या मधे आहेत. शास्त्राच्या तोडीची नाहीत पण वाचायला चांगली, असं वर लिहून. 1611 च्या इंग्रजी बायबलातही होती. मग 1826 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ठरवलं, यांच्या छपाईवर पैसा घालायचा नाही."

हे मला फार लागतं. वाद पंडितांचा, पण पुस्तक घराघरांतून नाहीसं होतं ते छापखान्यात.

ते बराच वेळ वाचत बसले. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले. आठवा तोबियास. तो तिला उठवतो, दोघं आधी प्रार्थना करतात, आम्हाला सोबतीने म्हातारं होऊ दे म्हणून मागतात.

"वाचन म्हणून नको," शेवटी ते म्हणाले. "प्रार्थना म्हणून छापा."

मी फादरांना फोन लावला. पहिलं वाचन उत्पत्ती 2 झालं आणि तोबियासची प्रार्थना शेवटी गेली, नवरा-नवरीने मिळून म्हणायला. मला ती वाचनातच हवी होती, अजूनही वाटतं. पण नातीच्या लग्नात त्यांना मान खाली घालून बसावं लागलं असतं, ते मला नको होतं.

नवं प्रूफ त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि पेन्सिल मागितली. मी शेवटी एकच 'आमेन' घातलं होतं.

"तुमच्या पुस्तकात दोनदा आहे," ते म्हणाले. "दोघं म्हणतात ना."