माझं मनोगत आणि काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं

संसर्गजन्य रोगांच्या फेलोशिपचा अर्ज पाठवून वर्ष होत आलं, तरी अर्जासोबतचं मनोगत (हाच विषय का करायचा ते सांगणारं लिखाण) 'सुधारून' देणाऱ्या त्या मंडळींचा राग अजून जात नाही. पैसे आगाऊ घेतले. चार दिवसांत देतो म्हणाले आणि १९ दिवस लावले. फोन केला की ठरलेलं उत्तर, "मॅडम, सीनियरकडे आहे." शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले तेव्हा फाइल आली. उघडून बघते तर माझी बाईच त्यात नाही!

ती बाई म्हणजेच माझं मनोगत होतं. ऐन काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून आलेली, तापाने फणफणलेली. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, प्लेटलेट्स घसरलेल्या. बोटं काजूच्या चिकाने काळी. ती बोटं बघून मी विचारलं, "मावशी, बागायतीत मेलेलं माकड दिसलं काय?" दिसलं होतं. माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणूजन्य ताप माणसाला गोचिडीमार्फत होतो, आणि सत्तरीला तो २०१५ पासून ठाऊक आहे. हाच विषय करायचा, हे मी त्या दिवशी ठरवलं. या लोकांनी ते सगळं काढून 'लहानपणापासून रुग्णसेवेची तळमळ' घातली. ती तर प्रत्येक अर्जात असते!

तीन रात्री जागून पुन्हा लिहिलं. सुरुवात त्या बाईपासूनच. फक्त गाव आणि वय बदललं, रुग्णाची ओळख पटता कामा नये. पारितोषिकं काढली, ती बायोडेटात असतातच. 'आम्ही निदान केलं' लिहायची आपल्याला सवय, पण समितीला तुम्ही काय केलंत ते हवं असतं. रक्ताचा नमुना मी घेतला, आरोग्य अधिकाऱ्यांना फोन मी केला, असं स्पष्ट लिहिलं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला. शेवटी त्यांच्याच संस्थेत का, हे नेमकं लिहा, स्तुती नको.

हो, शिफारसपत्र देणाऱ्या सरांना मसुदा आधीच द्या. मी उशिरा दिला, त्यांना घाई झाली.

पाठवण्याआधी आईला मराठीत सांगून दाखवलं. ती म्हणाली, "मगे त्या बाईचं काय झालं?" बरी होऊन घरी गेली, हे मी लिहिलंच नव्हतं. ते वाक्य घातलं आणि अर्ज पाठवला.